गंजणारी सुरी

स्वयंपाकघरासाठी लोखंडाची कुठलीही वस्तू घेताना आपण दुकानदाराला पहिला प्रश्न काय विचारतो? "गंज नाही ना धरणार?" दुकानदार छाती ठोकून सांगतो, "बाई, स्टेनलेस आहे, पन्नास वर्षं काही होणार नाही." आणि आपण समाधानाने पैसे मोजतो. असं असताना जगात आज हजारो माणसं अशी आहेत, जी मुद्दाम गंजणारी सुरी शोधतात, तिच्यासाठी काही हजार रुपये मोजतात, महिनोन्महिने वाट पाहतात आणि घरी आणल्यावर तान्ह्या पोरासारखी तिला पुसून-सुकवून ठेवतात. जपानी लोहारांनी हाताने घडवलेल्या कार्बन स्टीलच्या सुऱ्यांबद्दल बोलते आहे मी. हा वेडेपणा लोक का करतात हे कळायला मला जरा वेळ लागला, पण आता मीही त्यांच्यातलीच एक झाले आहे, तेव्हा थोडं सांगावंसं वाटतं.

माझ्याकडे ही सुरी आली ती भाच्यामुळे. आमच्या गोव्यात घराआड एक तरी तारवटी सापडतो, तसा हा आमच्या घरातला. मोठ्या प्रवासी बोटीवर मुदपाकखान्यात आहे. ओसाकाला बोट लागली होती तेव्हा जवळच्या साकाई गावी जाऊन त्याने ती आणली. पेटीत सुरीबरोबर पाच येनचं एक भोकाचं नाणंही होतं. सुरी भेट दिली तर नातं तुटतं अशी तिकडे काहींची समजूत आहे, म्हणून सोबत हे नाणं ठेवायचं. जपानीत 'गोएन' म्हणजे पाच येन आणि 'गोएन' म्हणजेच ऋणानुबंध. आपल्याकडे नाही का, मिरची-मीठ हातात देत नाहीत, खाली ठेवतात, तसंच हे. सुरी माझ्या हातात ठेवताना भाच्याने एवढंच बजावलं, "मावशे, वली दवरूं नाका हां!"

ही सुरी 'नाकिरी' जातीची. 'ना' म्हणजे पालेभाजी आणि 'किरी' म्हणजे चिरणं. नावातच काम सांगितलेलं. आयताकृती पातं, वीतभरापेक्षा थोडं कमी, टोक जवळजवळ नाहीच. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती काही फारशी देखणी वाटली नाही. पात्याचा वरचा भाग काळपट, भट्टीतून आला तसाच ठेवलेला. खाली धारेजवळ एक चकचकीत पट्टी, आणि या दोहोंच्या मधून जाणारी एक अस्पष्ट, वेडीवाकडी रेघ. मूठ साध्या पांढरट लाकडाची, पात्याजवळ म्हशीच्या शिंगाचं काळं कडं. हातात घेतली तर अगदी हलकी. ही काय कापणार, असं वाटलं. मग एक पिकलेला टोमॅटो घेतला... आणि काय सांगू, सुरी टोमॅटोवर ठेवून नुसती मागे ओढली तर ती स्वतःच्या वजनाने खाली उतरली. दाबावं लागलं नाही, साल सुरकुतली नाही, रस सांडला नाही.

पण लाडावून ठेवलेल्या पोराच्या खोड्या असतात तशा हिच्याही आहेत. ओली ठेवली तर अर्ध्या तासात तांबूस ठिपके. आमच्या गोव्याच्या पावसात तर विचारूच नका, चार महिने हवेतच पाणी असतं. कांदा कापला की पातं निळसर होतं, कैरी कापली की काळं, आणि कच्चं केळं किंवा केळफूल कापलं तर केळ्यावरच काळे डाग. केळ्याच्या चिकात टॅनिन असतं, त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग होतो. जुन्या काळची शाई याच तत्त्वावर बनवत. भिरंडं, लिंबू कापलं की लगेच पुसायचं. हाडावर चालवायची नाही, गोठलेल्या मासळीवर चालवायची नाही, नारळाच्या तर आसपासही न्यायची नाही, धारेचा टवका उडेल. काचेच्या किंवा दगडाच्या पाटावर कापायचं नाही, लाकडाचाच पाट हवा. एवढे नियम तर सोवळ्याच्या स्वयंपाकालाही नव्हते, असं माझी शेजारीण म्हणाली.

मग यातलं सुख काय? ते कळायला थोडं पोलादाबद्दल बोलावं लागेल. कंटाळू नका, थोडक्यात सांगते.

लोखंडात किंचित कार्बन मिसळला की पोलाद होतं. आपल्या गावचे लोहार कोयता करतात तो बहुधा मोटारीच्या कमानपाट्याचा. त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो. जपानी सुऱ्यांचं जे नावाजलेलं पोलाद आहे, 'शिरोगामी', त्यात तो एक टक्क्याच्या वर, सव्वा-दीड टक्क्याच्या अलीकडेपर्यंत जातो. शिरोगामी म्हणजे 'पांढरा कागद'. पोलादाला नाव पडलं ते कारखान्यात त्याला गुंडाळत त्या कागदाच्या रंगावरून! त्याचं भावंड 'आओगामी', म्हणजे 'निळा कागद'. त्यात थोडं क्रोमियम आणि टंगस्टन घालतात, त्यामुळे धार जास्त दिवस टिकते. ही दोन्ही शिमाने प्रांतातल्या यासुगी गावची. त्या मुलखात पूर्वी नदीतल्या लोहवाळूपासून तलवारीचं पोलाद गाळत. कारखाना हिताची मेटल्सचा. २०२३ पासून त्या कंपनीचं नाव प्रोटेरियल झालं आहे.

स्टेनलेस व्हायला पोलादात साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम लागतं. गंज थांबतो तो त्यानेच. पण हेच क्रोमियम कार्बनशी संगनमत करून पोलादाच्या आत जाडे, कठीण कण तयार करतं. साध्या स्टेनलेसला बारीक धार लावायला वेळ लागतो तो यामुळे. शिरोगामीत असलं काही नसतं, जवळजवळ नुसतं लोखंड आणि कार्बन. कण बारीक, त्यामुळे धारही बारीक, आणि दगडावर चार हात फिरवले की परत जशीच्या तशी. शिवाय हे पोलाद फार कठीण करता येतं. कठीणपणा मोजायचं रॉकवेल नावाचं माप आहे. नेहमीच्या युरोपीय सुऱ्या त्यावर ५५ ते ५८ च्या घरात असतात, या जपानी सुऱ्या ६० च्या पुढे, ६४ पर्यंतही जातात. कठीण पोलाद पातळ ठेवलं तरी वाकत नाही, पण काचेसारखं ठिसूळ होतं. वरच्या सगळ्या नियमांचं मूळ यात आहे. खरं सांगायचं तर आजकाल चांगली धार धरणारी, न गंजणारी पोलादंही निघाली आहेत. ज्याला कटकट नको त्याने ती खुशाल घ्यावीत.

इतकं ठिसूळ पोलाद नुसतं वापरलं तर सुरी पडताक्षणी दोन तुकडे. म्हणून लोहार मऊ लोखंडात हे कठीण पोलाद बसवतो. दोन्ही लालबुंद करून, मध्ये टाकणखार आणि लोखंडाचा कीस घालून, ठोकून एकजीव करतो. मऊ लोखंड धक्का सोसतं, कठीण पोलाद कापतं. माझ्या सुरीवरची ती वेडीवाकडी रेघ म्हणजे या दोघांच्या लग्नाची गाठ. मग पात्याला चिखलाचा पातळ लेप देतात आणि आठशे अंशांच्या आसपास तापवून पाण्यात बुडवतात. लोहाराच्या भाषेत 'पाणी देणं' म्हणतात ते हेच. तापमान बघायचं डोळ्यांनी, पोलादाच्या रंगावरून, म्हणून या वेळी भट्टीची जागा अंधारी ठेवतात. रंग थोडा चुकला की सुरी फुकट. 'हाताने घडवलेली' म्हणताना घणाऐवजी यंत्राचा हातोडा बहुतेक ठिकाणी असतो हेही सांगायला हवं. पण रंग ओळखणारा डोळा यंत्राला लावता येत नाही.

साकाईची गंमत अशी की तिथे एक माणूस सबंध सुरी करत नाही. लोहार घडवतो, धारवाला धार काढतो, तिसरा मूठ बसवतो. तिन्ही स्वतंत्र घरं, स्वतंत्र धंदे. लोहाराकडून आलेलं पातं थोडंफार वाकलेलं असतंच. धारवाला ते डोळ्याशी धरून, ठोकून सरळ करत करत दगडावर उतरवतो. एकाने घाई केली तर दुसऱ्याच्या हाताखाली ती उघडी पडते. आणि मूठ नुसती ठोकून बसवलेली असल्यामुळे वीस वर्षांनी ती खराब झाली तर काढून नवी घालता येते. पातं तेच राहतं.

आता गोव्यातल्या वाचकांसाठी एक खास गोष्ट. साकाईच्या या धंद्याचा एक धागा आपल्याच इतिहासातून जातो. १५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले आणि इथून त्यांची पूर्वेची सगळी दुकानदारी चालली. १५४३ मध्ये काही पोर्तुगीज एका चिनी जहाजातून जपानच्या तानेगाशिमा बेटाला लागले. त्यांच्याजवळच्या तोड्याच्या बंदुका बघून तिथल्या सरदाराने दोन विकत घेतल्या आणि आपल्या तलवारी घडवणाऱ्या लोहारांना म्हणाला, करा अशाच. थोड्याच वर्षांत साकाईचे लोहार बंदुका करण्यात पटाईत झाले. १५४९ च्या एप्रिलात फ्रान्सिस झेवियर, म्हणजे आपला 'गोंयचो सायब', गोव्याहून निघाला आणि १५ ऑगस्टला जपानात कागोशिमाला उतरला. त्याच्याबरोबर वाटाड्या होता आंजिरो नावाचा जपानी, जो इथेच गोव्यात सेंट पॉल कॉलेजात शिकला होता. साकाईत आज झेवियरच्या नावाची एक बागही आहे. पुढे पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानात पोचली. जपान्यांना ती केसासारखी बारीक चिरून चिलमीत घालायला आवडे, आणि इतकी बारीक चिरायला तशाच सुऱ्या लागल्या. त्या साकाईच्या लोहारांनी केल्या. इतक्या उत्तम केल्या की तोकुगावा राजवटीने त्यांना अस्सलपणाचा शिक्का मारायची मुभा दिली आणि साकाईचं नाव देशभर झालं. तीच तंबाखू, तेच पोर्तुगीज आपल्याकडेही आले. जपानी माणूस पावाला 'पान' म्हणतो आणि गुंडीला 'बोतान'. आपण 'पाव' आणि 'बुतांव' म्हणतो. एकाच गलबतातून उतरलेले शब्द हे!

पुढे १८७६ मध्ये मेइजी सरकारने लोकांना कमरेला तलवार लावायची बंदी केली. शतकानुशतकं तलवारी घडवणाऱ्या किती घरांची चूल एका हुकमाने विझली असेल! त्यातल्या अनेकांनी सुऱ्या, विळे, कात्र्या करायला घेतलं. त्याच सुमाराला जपानात गोमांस खाणं सुरू होत होतं, म्हणून पाश्चात्य धाटणीची 'ग्युतो' आली. दुसऱ्या महायुद्धानंतर घराघरांत भाजी, मासे, मांस तिन्हीला चालणारी 'सांतोकू' आली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की धंदा टिकला तो जुन्याला कवटाळून बसल्यामुळे टिकला नाही. गिऱ्हाईक बदललं तसा लोहार बदलला, फक्त पाणी देण्यातली नजर त्याने सोडली नाही.

सुरीबरोबर मी धारेचा दगडही घेतला. पाण्याचा दगड म्हणतात त्याला, भिजवून वापरायचा. एक हजार नंबरचा रोजचा, सहा हजारचा शेवटची सफाई करायला. रविवारी सकाळी मागच्या पडवीत बसते, दगड ओला करते आणि सुरी पंधरा अंशाच्या आसपास कलती धरून पुढे-मागे फिरवते. थोड्या वेळाने दगडावर करडा चिखल जमतो, बोटाला धारेची किंचित कड लागते, मग बाजू बदलायची. या अर्ध्या तासात दुसरं काही करता येत नाही. फोन घेता येत नाही, टीव्ही बघता येत नाही, लक्ष गेलं की कोन गेला. धार लागल्याची परीक्षा कांद्यावर. बोथट सुरी कांद्याच्या पेशी चिरडते, त्यातून डोळ्याला झोंबणारा वायू जास्त सुटतो. धारदार सुरीने डोळ्यांना पाणी खूपच कमी येतं. घरातली माणसं आता कांदा चिरायला कुरकुर करत नाहीत, हा फायदा कुठल्या जाहिरातीत वाचला नव्हता.

आणि हळूहळू पात्यावर रंग चढत गेला. निळसर, करडा, कुठे जांभळा. तोही एक प्रकारचा गंजच, पण काळा, घट्ट बसणारा. तो चढला की तांबडा गंज लवकर धरत नाही. म्हणजे जितकी वापराल तितकी ती स्वतःला सांभाळायला शिकते. कपाटात पूजेला ठेवली तर मात्र खराब होणार. माझ्या सुरीवरचे डाग माझ्याच स्वयंपाकाचे आहेत, कैरीचे, कांद्याचे, अळूच्या देठांचे. दुसऱ्या कुणाच्या घरी हीच सुरी वेगळी दिसली असती. स्टेनलेसची सुरी पन्नास वर्षांनीही दुकानातल्यासारखीच दिसते, त्या पन्नास वर्षांत तिच्यावर कोण बसलं-उठलं याची काही खूण राहत नाही.

हे सगळं कौतुक करता करता एक दिवस माझ्या लक्षात आलं की अशी वस्तू आपल्या घरात आधीपासून होती. आदोळी! तिचं काळंभोर पातं, बांगडा चिरून झाल्यावर राख आणि सोड्याने घासायची आईची सवय, पुसून भिंतीला टेकवून ठेवायची पद्धत, कैरी कापली की पडणारे तेच काळे डाग. ती कार्बन पोलादच होती, फक्त आपण तिला तसं म्हणत नव्हतो. मग ओटा आला, उभ्याने स्वयंपाक आला, गुडघे दुखू लागले आणि आदोळी माळ्यावर गेली. त्यात गैर काही नाही. पण तिच्याबरोबर पात्याची काळजी घ्यायची सवय गेली आणि ते पातं घडवणारा माणूसही नजरेआड झाला.

आमच्या गावात एक मेस्त आहेत, लोहारकाम करणारे, सत्तरीच्या पुढचे. मी नाकिरी कापडात गुंडाळून त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, पातं उजेडाकडे धरलं, नखाने टिचकी मारून कानाशी नेलं. मग त्या रेघेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "बाई, दोन लोखंडं आहेत ही. आमचा आजा कोयत्याला असंच पोलाद घालायचा. सगळा कोयता मऊ, धारेला तेवढं पोलाद."

मी विचारलं, "मेस्ता, तुम्ही घालता का अजून?"

"मागतो कोण?" ते हसले. "गेटाच्या बिजागऱ्या घेऊन येतात लोक. बाजारातला कोयता स्वस्त पडतो, मोडला की दुसरा. मुलगा कंपनीत आहे. कोळसा पेटवायचा तो कुणासाठी?" सुरी परत देण्याआधी त्यांनी ती पुन्हा एकदा कानाशी धरून वाजवली. "पाणी चांगलं दिलंय," एवढंच म्हणाले.

जपानातही लोहार म्हातारे होत आहेत आणि मुलं शहरात जात आहेत. पण त्यांनी १९७४ मध्ये पारंपरिक कारागिरीसाठी कायदा केला. त्याखाली १९७९ मध्ये एचिझेनच्या आणि १९८२ मध्ये साकाईच्या घडीव पात्यांना मान्यता मिळाली. एचिझेनच्या ताकेफूमध्ये लोहारांनी एकत्र येऊन सामाईक कारखाना उभारला, जिथे लोक भट्टी बघू शकतात आणि नवी पोरं हाताखाली शिकतात. आपल्याकडेही २०२३ मध्ये केंद्राने विश्वकर्मा योजना आणली, तिच्या अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे. अवजारं मिळतील, कर्ज मिळेल, चांगलंच आहे. पण मेस्तांचा प्रश्न कर्जाचा नव्हताच. "मागतो कोण?" याचं उत्तर सरकार देऊ शकत नाही, ते आपल्या स्वयंपाकघरातूनच जायला हवं. दसऱ्याला आपण शस्त्रांना, अवजारांना हळदकुंकू लावतो; जपानातल्या सेकी गावी ८ नोव्हेंबरला झिजलेल्या सुऱ्यांसाठी प्रार्थना करतात. भावना एकच आहे. फरक इतकाच की त्यांच्याकडे झिजेपर्यंत वापरलेल्या सुऱ्या अजून आहेत.

तेव्हा सगळ्यांनी जपानी सुऱ्या मागवाव्यात असं माझं मुळीच म्हणणं नाही. तेवढे पैसे घालायची गरजही नाही. माळ्यावर आदोळी असेल तर खाली काढा, गंज असेल तर घासा, गावात मेस्त असतील तर त्यांच्याकडून पातं नीट करून घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा एखाद्या जत्रेत हाताने घडवलेली सुरी दिसली तर घासाघीस न करता घ्या, आणि घेताना विचारा, "पाणी कुणी दिलं?" मी मेस्तांना बेतशी एक सुरी सांगितली आहे, मऊ लोखंडाची, धारेला पोलाद घातलेली, आजोबा करत तशी. पहिल्या खेपेला जोड नीट बसली नाही, तेव्हा त्यांनी ती मला दाखवलीसुद्धा नाही. दुसरी चालू आहे. कोळशाचे पैसे आधी घ्या म्हटलं तर तेवढ्यावरून रागावले माझ्यावर!